सत्तावन्न किलो

बीर सुहैल कॅम्प
शनिवार, ५ ऑक्टोबर १९९६

विष्णू,

थोरल्या भावाचा आशीर्वाद आहे. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे.

तू जबल अलीला बदली मागून घेतलीस हे मला टाइमकीपरने सांगितलं. सख्खा भाऊ दोन वर्षं माझ्या वरच्या कॉटवर झोपला, माझ्या हातचा भात जेवला, आणि तो गेला हे मला परक्या माणसाने सांगायचं! सुट्टी संपवून मी परत आलो तर तुझी कॉट मोकळी, गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. तुझा स्टीलचा डबा विसरलायस. तो मी वापरणार नाही, घाबरू नकोस.

आईच्या चौथ्या दिवशी मी घरी पोचलो आणि तू अंगणात, सगळ्या भावकीसमोर, मला काय काय बोललास. मी ऐकून घेतलं, कारण घरात सुतक होतं. आता लिहून कळवतो. त्या बुधवारी विमानात मला जागा नव्हती. वजन भरलं होतं, कॅप्टनने नाही म्हटलं. तुला अबुधाबीला उतरल्यावर तो म्हातारा कॅप्टन म्हणाला म्हणे, तुझा भाऊ का उतरला, मी तर त्याला जागा ठेवली होती. त्याला काय आठवतंय! दिवसाला चार धावपट्ट्या करणारा माणूस. त्याच्यावर विश्वास, आणि ज्याने तुझा व्हिसा काढला त्याच्यावर नाही.

थोरल्याच्या जागी तू अग्नी दिलास. दिलास ते बरं केलंस, कुणीतरी द्यायलाच हवा होता. पण तू म्हणालास, आई जाताना तुझ्याबद्दल काहीतरी बोलली, आणि ते मी तुला जन्मात सांगणार नाही. एवढं एक माझ्या मनाला लागलं. शिव्या दिल्या असतील तर शिव्या कळव. माझ्या आईच्या शिव्या आहेत, माझ्या हक्काच्या आहेत.

पत्राची पिशवी आजच्या विमानाने जातेय. बुधवारच्या विमानाने उत्तर येऊ शकतं. मी वाट बघत नाहीये, नुसतं सांगून ठेवतो.

दगडू

*

बीर सुहैल
शनिवार, २२ मार्च १९९७

विष्णू,

शैलेंद्र मेकॅनिक चार दिवस दुबईला जाऊन आला. तू त्याला अल कुसैसला भेटलास म्हणे, कुणाच्या तरी खोलीवर, शुक्रवारी. म्हणाला, विष्णू अंगाने भरलाय. मी विचारलं, माझं काही विचारलं का? त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. कोल्हापूरचा माणूस, खोटं धड बोलता येत नाही त्याला.

इकडे सगळं तसंच आहे. सकाळी झाडू मारायचा, पट्टीवर रात्रीत आलेली वाळू बाजूला सारायची. हमद बेदूचे उंट हाकलायचे. तो म्हातारा लांबून हात करतो आणि ओरडतो, यल्ला दगडू, यल्ला! उंट त्याचे, आणि घाई मला. मग खांबावरचा वाऱ्याचा मोजा बघायचा, तो कुठल्या बाजूला फुगलाय ते रेडिओवाल्याला सांगायचं. मग विमान येतं. भाजी, औषधं, पंपाचे सुटे भाग, टपाल, माणसं उतरतात. जाणारी माणसं मी काट्यावर उभी करतो, सामानासकट, आणि कागदावर आकडे लिहितो. विमान गेलं की परत वाळू. एवढ्या मोठ्या वाळवंटात माणसाचं जाणं-येणं त्या एका डांबरी पट्टीवरून, आणि त्या पट्टीवर मी एकटा.

पूर्वी विमानाच्या आदल्या दिवशी पोरं माझ्याभोवती जमायची, आठवतं ना? दगडूचाचा, चहा. दगडूचाचा, खजूर. आता कुणी येत नाही. मी काट्यावर कडक झालोय. एक किलो सोडत नाही. परवा एक बिहारी पोरगा अंगात तीन शर्ट आणि वर जॅकेट घालून आला, मार्चच्या उन्हात. मी म्हटलं, ते पण वजनच आहे, बाबा, काढ. रडायला आला. मागून कुणीतरी हरामी म्हणालं. म्हणू दे.

बरं. तुला एक सांगायचंय. कॅप्टनने नाही म्हटलं नव्हतं. ते मी खोटं लिहिलं. मला भीती वाटली. मोठ्या विमानाचं काही नाही, ते घरासारखं असतं. पण ते नऊ जणांचं डबडं मला नको वाटतं. बाणकोटच्या खाडीत होडीत बसताना तू मला हसायचास, आठव. मी सुट्टीला जातानासुद्धा ट्रकने सहा तास हाडं खिळखिळी करून घेतो, हे तू बघितलंयस. त्या दिवशी तुझ्यासाठी आणि आईसाठी म्हणून चढलो होतो. दार लावायच्या आत उतरलो. भित्रा म्हण मला. झालं समाधान?

आता तू सांग. आई काय म्हणाली?

दगडू

*

बीर सुहैल
शनिवार, २५ जुलै १९९८

विष्णू,

आज आईची तिथी. तू तिकडे काय केलंस माहीत नाही. गावाला प्रभावतीने केलं असेल, मी तिला पत्र टाकून ठेवलं होतं. तुझी वहिनी तुझ्यावरही रागावलीय हो. नुसता मीच तिच्या रागातला नाही.

मी इथे भात, वरण आणि वाटाण्याची उसळ केली. पान घेऊन पट्टीच्या टोकाला गेलो, कुंपणाच्या बाहेर, आणि उभा राहिलो. कावळा कुठला इथे? अबुधाबीला आहेत, समुद्राकडे. इकडे आत एक दिसायचा नाही. आणि गंमत बघ, माझ्या कामाच्या यादीत सातवं काम काय, तर पक्षी हाकलणे. विमानाच्या पंख्यात जाऊ नयेत म्हणून. बारा महिने मी पत्र्याचा डबा वाजवून पाखरं उडवतो, आणि आज हात जोडून म्हणतोय, कुणीतरी या रे. दोन बारक्या वाळूच्या चिमण्या आल्या. त्यांनी लांबूनच बघितलं. त्या मला ओळखतात ना!

अर्धा तास थांबलो. आजचं विमान यायची वेळ झाली. पट्टीजवळ अन्न ठेवता येत नाही, नियम आहे. शेवटी पान उचललं आणि हमदच्या उंटिणीला घातलं. पान केळीचं नव्हतं, कागदाचं होतं, तिने कागदासकट खाल्लं. आईला मान्य असेल का रे? तिला जनावरांचं फार होतं.

मी कुणाशी बोलतच नाही आता, म्हणून पत्र लांबतं. मेसमध्ये मी बसलो की बाकावरचे उठत नाहीत, पण गप्प होतात. रेडिओवाला मल्याळी आहे, भला माणूस, पण त्याला कानाला लावलेलं काढायची सवय नाही. काल मी काट्यावर एकटाच उभा राहिलो. चौपन्न. चार किलो गेले. हे कुणाला सांगू म्हणून तुला सांगतोय.

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली तरी चालेल. दोन आल्या तरी चालतील. आईचं तेवढं लिही.

दगडू

*

बीर सुहैल
मंगळवार, ७ नोव्हेंबर २०००

विष्णू,

मधली दोन वर्षं मी लिहिलं नाही. रुसलो होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने रुसायचं म्हणजे हसू येतं, पण होतो. आज लिहितोय ते शेवटपर्यंत वाच. तुझ्या पाया पडतो, म्हणजे धाकट्याच्या पडत नाहीत, पण समज पडलो.

काल दुपारी हमद त्याच्या बायकोला पिकअपच्या मागच्या बाजूला घालून घेऊन आला. पोटात काहीतरी फुटलं होतं, बाई राखेसारखी झाली होती. रेडिओवर सांगितलं, तासाभरात विमान आलं. बाई, स्ट्रेचर, कॅम्पचा कंपाउंडर, सलाईनचं सामान, हमद, आणि तिचा भाऊ. मी सगळ्यांना काट्यावर घेतलं. कॅप्टनने आकडा सांगितला होता. बत्तीस किलो जास्त भरलं. मी भावाला म्हटलं, तू उतर. तो माझ्या अंगावर आला. म्हणाला, माझी बहीण आहे. मी म्हटलं, हबीबी, म्हणूनच उतर. तो थांबला. त्याने तिच्या पायाला हात लावला आणि बाजूला झाला. विमान उडालं. आम्ही दोघं पट्टीवर उभे होतो, तो आणि मी. मला त्याच्याकडे बघवेना. तो रडत होता आणि मी पण. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी रडतोय. (बाई वाचली. आज सकाळी रेडिओवर कळलं.)

आता ऐक. मी काट्यावर कडक का झालो ते कुणी मला विचारलं नाही. मी आधी कसा होतो ते तुला माहीत आहे. सुट्टीवर जाणाऱ्याला दहा किलो सामान. पोरं दोन वर्षं घाम गाळून वस्तू जमवणार, टू-इन-वन, ब्लँकेट, दूध पावडरचे डबे, बायकोला साडी, आणि काट्यावर येऊन म्हणणार, चाचा, दोन किलो कम लिखो ना. मी लिहायचो. कुणाचे दोन, कुणाचे पाच. त्यात मोठेपणा वाटायचा मला. इतक्या मोठ्या कंपनीत मला कुणी विचारत नव्हतं, पण बुधवारी आणि शनिवारी मी राजा होतो.

उन्हाळ्यात हवा पातळ होते, विमान वजन कमी उचलतं, हे मला कॅप्टनने आधी समजावून सांगितलं होतं. मी मान हलवली होती. आई गेली त्याच्या आधीच्या शनिवारी विमान पट्टीच्या अगदी टोकाला जाऊन उठलं. चाकं कुंपणाच्या तारेवरून कशीबशी गेली, तारेला बांधलेली चिंधी हलली. मी बघितलं. त्या दिवशी मी एकूण चाळीस किलो कमी लिहिले होते.

मग तो बुधवार. आई सीरियस, निघा, असा निरोप. शेहेचाळीस डिग्री. विमानात आधीचे पाच जण होते, सुट्टीवर चाललेले. त्यांचे आकडे मी आदल्या दिवशीच लिहून ठेवले होते, सगळ्यांनी गोड बोलून कमी करून घेतलेले. एकट्या शैलेंद्रचे चौदा. तुझ्या बॅगेचेही चार मी कमी केले, घाईत तू आईसाठी काय काय भरलंस ते मी बघितलं होतं. कॅप्टन म्हणाला, कागदाप्रमाणे दोघंही बसता, पण याच्यावर एक किलो नको आज. आपण बसलो. तू खिडकीशी, मी शेजारी. पट्टा बांधला. आणि मी मनातल्या मनात बेरीज केली. सत्तावन्न. सत्तावन्न किलो विमानात होते आणि कागदावर नव्हते.

मी आणि माझी पिशवी मिळून चौसष्ट होतो.

म्हणून उतरलो, विष्णू. दुसरं कुठलं वजन कुणाला न सांगता उतरवता येत नव्हतं. मी तुला म्हटलं, कॅप्टन नाही म्हणतोय, तू पुढे जा, मी ट्रकने येतो. कॅप्टनला म्हटलं, पोटात दुखतंय. मग पट्टीवर उभा राहून बघत होतो. तुम्ही चिंधीच्या बऱ्याच वरून गेलात. मी खाली बसलो, डांबरावर, चटके बसले तरी उठलो नाही. गुरुवारचा ट्रक पकडून निघालो, तोवर आई गेली होती.

माझी बाजू मांडतोय असं समजू नकोस. कॅप्टनला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर टू-इन-वन आणि दुधाचे डबे खाली आले असते, मी वर राहिलो असतो, आईला दिसलो असतो. पण नोकरी गेली असती. माझी गेली असती आणि तुझाही व्हिसा माझ्याच शिफारशीवर होता. आणि खरं सांगू? पोरांसमोर खोटा ठरलो असतो, त्याची लाज जास्त होती. लाजेपायी मी आईला शेवटचं बघितलं नाही. भीती पण होती, ती खोटी नव्हती. किती भीती आणि किती दुसरं, ते मला अजून वेगळं करता येत नाही. त्याला काटा नाही.

आता मला सांग. काय म्हणाली ती? मी आलो नाही म्हणून काय म्हणाली?

तुझा दगडू

*

जबल अली
गुरुवार, २१ डिसेंबर २०००

दादा,

पत्र मिळालं. महिनाभर ड्रॉवरमध्ये होतं, म्हणून उशीर. आधीची पण सगळी आहेत. वाचली होती.

मी त्या विमानात होतो, दादा. आम्ही सहा जण आणि कॅप्टन होतो. तू उतरलास ते ठीक, पण आम्हाला बसू दिलंस. सात किलोच्या भरवशावर. ह्याचा राग मला आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

आईचं सांगतो. मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती शुद्धीवर होती. तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, दगडू? मी म्हटलं, त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा मला तेच माहीत होतं आणि मनात संशय पण होता, तो माझ्या तोंडावर दिसला असेल. ती म्हणाली, "जागा असली तरी विमान भरलेलं असंल. त्याला बोलू नको हा. बाणकोटला असाच उतरला होता. तू मांडीवर होतास माझ्या, होडी भरली होती, पाणी आत यायला लागलं. आठ वर्षांचा पोर, कुणाला न सांगता उडी मारून काठावर गेला. मला म्हणाला, आये, तू जा, मी मागनं येतो. तिन्हीसांजेपर्यंत एकटा बसला होता धक्क्यावर. घाबरट आहे तो. पण उतरतो."

मग पाणी मागितलं. संध्याकाळी गेली.

तिने सांगितलं होतं बोलू नको, आणि चौथ्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोललो. मग तुला हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? म्हणून नाही सांगितलं. दर वर्षी अजून अवघड होत गेलं.

मी आता गोदामात सुपरवायझर आहे. बुधवारी दुपारची सुट्टी मागून घेता येते. तुला भेटायचं असेल तर ये. पण विमानाने ये. ट्रकने आलास तर मी भेटणार नाही.

विष्णू

*

विमानातून
बुधवार, ३१ जानेवारी २००१

विष्णू,

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. अजून जमिनीवरच आहोत.

बीर सुहैलचं हे शेवटचं विमान. कॅम्पपर्यंत डांबरी रस्ता झाला, आता सगळं ट्रकने आणि बसने. अडीनडीला हेलिकॉप्टर येईल म्हणे. उद्यापासून पट्टी झाडायची नाही. चार दिवसांत ती वाळूखाली जाईल, मी किती वर्षं तिला रोखून धरली होती हे कुणाला कळणार पण नाही. मला गावी पाठवतायत, खलास, काम संपलं. ऑफिसवाला म्हणाला, दगडू, उद्या एसी बस आहे, आरामात जा. मी म्हटलं, नको, विमानाने जातो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

सकाळी हमद आला होता, बायकोला घेऊन. तिने खजुराचा डबा दिला. मी तो हातात धरून आधी काट्यावर ठेवला. अडीच किलो. ती हसली, तिला वाटलं मला कमी वाटले.

आईचं पत्र, म्हणजे तू लिहिलेलं आईचं, मी पाठ केलंय. तो धक्का मला आठवत नव्हता. खरंच आठवत नव्हता रे. फक्त होडीची भीती आठवत होती, ती कुठून आली ते विसरलो होतो. तिने लक्षात ठेवलं. घाबरट म्हणाली, बरोबर म्हणाली.

तुझ्या रागाबद्दल मी काही म्हणत नाही. तो तुझा आहे, ठेव. मला भेट म्हणजे झालं.

आज मी सगळ्यांना काट्यावर घेतलं. आठ जण आहोत. कुणीतरी सवयीने म्हटलं, चाचा, आज तो आखरी दिन है, दो किलो छोड दो. मी नाही सोडले. शेवटी मी स्वतः उभा राहिलो आणि रेडिओवाल्याला म्हटलं, तू वाच, मी लिहितो. दगडू, छप्पन्न. पिशवी, अकरा, खजुरासकट. कॅप्टन नवीन आहे, पोरगेलासा. त्याने कागद बघून विचारलं, ऑल करेक्ट? मी म्हटलं, करेक्ट, सर. तुझा स्टीलचा डबा पण पिशवीत आहे, त्याचंही वजन धरलंय.

मी खिडकीशी बसलोय. पट्टा बांधलाय. शेजारची जागा रिकामी आहे. वाऱ्याचा मोजा तसाच फुगलाय, उत्तरेकडून वारा आहे, चांगला आहे.

निरोप तुझ्या गोदामात पोचवलाय; तू अबुधाबीला विमानतळाच्या दारात उभा असलास तर हे पत्र हातात देईन. नसलास तर तिथल्या पेटीत टाकीन, तिकीट आधीच चिकटवून ठेवलंय. पंखे सुरू झाले. डाव्या हाताने पट्टा धरलाय. दार अजून उघडं आहे, आता एक जण लावायला येतोय.

लावलं.

कागद खरा आहे, विष्णू. आज कुणाला उतरायला नको.

दादा